ड्राईव्हचं ऑइल पार दुधाळ चहासारखं झालंय, पाणी कुठनं शिरतंय?

गोदाकाठ_०७
नमस्कार मंडळी. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आमची १८ फुटी बोट आहे, मी आणि मावसभावाने मिळून मुंबईकडच्या एकाकडून सेकंडहँड घेतली, म्हणजे तिचं आधीचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात गेलेलं. इंजिन आत आणि मागे मरक्रूझर कंपनीचा अल्फा वन ड्राईव्ह (बोटीच्या मागे पाण्यात उतरणारा, प्रोपेलर फिरवणारा गिअरचा भाग). काल म्हटलं पावसाआधी गिअर ऑइल बदलून टाकू, खालचा स्क्रू काढला तर घमेल्यात आधी अर्धा कपभर चक्क पाणी आलं आणि मग टपरीवरच्या चहासारखं घट्ट तपकिरी-पांढरं ऑइल. वास जळका नाही. स्क्रूच्या मॅग्नेटला बारीक काळी पेस्ट आहे, तुकडे नाहीत. गिअर नीट पडतो. फक्त डावीकडे पूर्ण वळवलं की मागून घुर्रर्र असा आवाज येतो, तो मात्र गेल्या वर्षीपासूनचाच आहे. इथे नाशकात ह्या ड्राईव्हला हात लावणारा मेकॅनिक सापडत नाही, गॅरेजवाले बघून हसतात. सगळा ड्राईव्ह उघडावा लागेल का? पाणी नेमकं कुठनं शिरतं?

झिंगाट_नाशिककर
भाऊ टेन्शन नको घेऊस, नवीन ऑइल भर आणि चालव. आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये दर पावसाळ्यात पाणी जातं, काय होत नाही.

खाडीवाला_मेकॅनिक
वरच्या भाऊंचं ऐकू नकोस रे बाबा. ट्रॅक्टर चिखलात उभा असतो, हा लेग, म्हणजे ड्राईव्ह, अख्खा पाण्याखाली चालतो. दोन्हीत फरक आहे.

पहिलं काम आजच कर. ऑइल काढून ठेवलंय ना, मग आतली बेअरिंगं आणि गिअर आता ओले आणि उघडे आहेत, दोन-चार दिवसांत गंज चढतो, गोडं पाणी असलं तरी. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर स्वस्तातलं ९० नंबरचं गिअर ऑइल भर, इंजिन पाच-दहा मिनिटं नुसतं फिरव (पाणी ओढायच्या जाळीवर मफ, म्हणजे नळाची नळी जोडायच्या रबरी वाट्या, लावून आणि नळ चालू ठेवूनच, अल्फाचा वॉटर पंप लेगमध्येच असतो, कोरडा फिरवलास तर इंपेलर, म्हणजे पंपातला रबरी पंखा, गेलाच म्हणून समज), मग ते पण काढून टाक. आतलं बरचसं पाणी त्याच्याबरोबर निघून येतं.

पुढच्या वेळी शंका आली तर एक घरगुती खूण सांगतो. बोट नुकतीच चालवून काढलेलं ऑइल हवेच्या बुडबुड्यांनी पण पांढरट दिसतं, म्हणून रात्रभर बाटलीत ठेवायचं. हवा असेल तर सकाळी साफ होतं. तरी कळलं नाही तर जुन्या पत्र्यावर एकच थेंब तापवायचा, पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. लांबून कर, आणि घरचा तवा घेऊ नकोस, वहिनी मारतील. तुझ्या केसमध्ये आधी नुसतं पाणीच आलंय म्हणजे शंकेला जागाच नाही. पाणी जड, ते तळाला बसतं म्हणून स्क्रू काढल्यावर तेच पहिलं येतं.

आता शिरतं कसं ते. बोट पळवून आणलीस की ड्राईव्ह गरम असतो, आतली हवा आणि ऑइल फुगलेलं. मग तसाच थंड पाण्यात उभा केलास की आत सगळं आकसतं आणि ड्राईव्ह बाहेरनं पाणी ओढतो. म्हणजे सील (फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी कडी) चालताना ऑइल धरून ठेवेल आणि उभं असताना पाणी पिईल असं होऊ शकतं.

उघडायच्या आधी प्रेशर टेस्ट. ऑइल पूर्ण काढ, खालचा स्क्रू बंद कर, वरच्या व्हेंटच्या (हवा बाहेर जायच्या) भोकाला गेज आणि सायकलचा पंप बसेल असा अडॅप्टर करून घे. तुमच्याकडे अंबड-सातपूरला कुठलाही टर्नर अर्ध्या तासात करून देईल. आधी तीन-चार पीएसआय भर आणि बघ, कारण काही सील कमी प्रेशरलाच गळतात आणि जास्त प्रेशर भरलं की सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) शाफ्टला दाबून बसतो आणि गप्प होतात. मग हळूहळू दहाच्या वर. साबणाचं पाणी फवारत राहा, प्रोपेलर हाताने फिरव, मावसभावाला गिअर पुढे-मागे टाकायला सांग, तेव्हाच फुगे येतात. बघायच्या जागा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, गिअर शिफ्टचा शाफ्ट, वरचा-खालचा लेग जोडलाय तो सांधा, आणि ते दोन स्क्रू स्वतः. स्क्रूखालचे गास्केट जुनेच ठेवून परत लावतात लोक, दहा रुपयांच्या वस्तूसाठी गिअर घालवतात.

प्रेशरला टिकला तर व्हॅक्यूम पण लाव, म्हणजे आतली हवा ओढून बघ, पाणी आत येतं ते उलट्या दिशेनेच ना.

आणि तो घुर्र आवाज वेगळा आजार आहे, त्यात मिसळू नकोस. ते बहुतेक गिंबल बेअरिंग, इंजिनकडून ड्राईव्हकडे येणाऱ्या शाफ्टचं. ड्राईव्ह आणि बोट यांच्यामध्ये जो रबरी घडीचा पाइप आहे, बेलो, तो फाटला की पाणी त्यात शिरतं, जॉइंटला गंज चढतो आणि बेअरिंग घुरघुरतं. ते पाणी ऑइलमध्ये सहसा जात नाही, ते बोटीत येतं. म्हणून ड्राईव्ह पूर्ण वर उचलून बेलोच्या प्रत्येक घडीत बोट घालून बघ. तडा असेल तर बोट पाण्यात बांधून ठेवायचीच नाही, बुडते.

सातपूरचा_टर्नर
गोदाकाठ भाऊ, अडॅप्टर मी करून देतो, मेसेज करा. काकांनी बरोबर सांगितलं फक्त एक राहिलं, सील बदलण्याआधी शाफ्ट बघा. जुन्या सीलचा ओठ जिथे घासतो तिथे शाफ्टवर खाच पडते, नख आडवं फिरवा, अडकलं तर नवीन सील टाकूनही गळणारच. मग एकतर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची नाहीतर सील थोडं आत-बाहेर सरकवून बसवायचं की ओठ गुळगुळीत जागेवर यावा. आणि सीलवर नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचं मिळतं बऱ्याचदा. पण सीलच्या आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का विचारून घ्या, साधी असली तर पाण्यात गंजून तुटते.

गोदाकाठ_०७
सगळ्यांचे आभार. रविवारपासून हेच करत होतो.

टर्नर भाऊंनी अडॅप्टर दिला (पैसे घेईनात, शेवटी बळंच द्राक्षांची पेटी दिली). चार पीएसआयलाच प्रोपेलरच्या मागून फुगे. नट काढून प्रोपेलर ओढला आणि बघतो तर काय, आतल्या हबच्या मागे तंगूस! धरणात तिलापियाला गळ टाकणाऱ्यांची. चांगली दोन-तीन मीटर, शाफ्टला गुंडाळून उष्णतेने वितळून एक कडक हिरवी बांगडी झाली होती. चाकूने कापून काढली, खाली सीलच्या ओठाला सरळ काप. म्हणजे प्रोपेलर फिरतोय, बोट पळतेय, बाहेरनं काही दिसत नाही आणि आत ही बांगडी सील खातेय.

कॅरियर (प्रोपेलर शाफ्टचं बेअरिंग आणि सील धरणारा भाग) मात्र निघता निघेना, खाऱ्या पाण्याचा पांढरा क्षार सगळा. दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारत बसलो, वरनं हीट गनने जरा शेकलं तेव्हा पुलरने निघाला. आत दोन सील आहेत, एकाचा ओठ आत आणि एकाचा बाहेर. तसेच दोन नवीन बसवले, मधे मरीन ग्रीस भरलं, कॅरियरची ओ-रिंग पण बदलली. शाफ्टवर खाच नव्हती, नशीब. बेअरिंगवर अजून डाग पडलेले नाहीत, हाताने फिरवलं तर खरखर नाही.

आता दहा पीएसआयला पंधरा मिनिटं काटा हलला नाही. व्हॅक्यूमला पण टिकला.

एक विचारायचं होतं, ऑइल वरनं भरू का? आणि बेलोच्या खालच्या घडीत खरंच तडा आहे, नखाएवढा.

खाडीवाला_मेकॅनिक
तंगूस म्हणजे क्लासिक. दर आठ-दहा ट्रिपांनी प्रोपेलर काढून बघत जा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑइल वरनं कधीच नाही, हवा अडकते. खालच्या भोकाला पंप लाव आणि वरच्या व्हेंटमधून बुडबुडे बंद होऊन सलग ऑइल येईपर्यंत भर. मग आधी वरचा स्क्रू लाव, मग पंप काढून पटकन खालचा. असं केलंस की खालचं फार सांडत नाही. रिझर्व्हॉयर (बोटीतली ऑइलची बाटली) धरून दोन लिटरच्या आसपास बसेल. पाच तास चालवून परत थोडं काढून रंग बघ.

आणि धरणाच्या काठावर ऑइल काढू नकोस हां. अख्खं नाशिक ते पाणी पितं.

बेलोला तडा आहे म्हणजे बोट ट्रेलरवरच राहू दे. ड्राईव्ह काढायचा तर गिअर फॉरवर्डमध्ये ठेवूनच काढ, अल्फाला ते लागतं. सहा नट आहेत. काढलास की गिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून फिरव, खरखरलं तर ते पण बदल, पुन्हा तेवढ्यासाठी कोण उतरवणार. बेअरिंग बदललंस तर अलाइनमेंटचा रॉड घालून इंजिन सरळ आहे का बघायचंच.

गोदाकाठ_०७
बेलो आणि बेअरिंग दोन्ही ऑर्डर केलंय काका, मुंबईहून येईल. रॉड कुणाकडे भाड्याने मिळेल का नाशिक-ठाणे पट्ट्यात? नवीन घ्यायचा म्हणजे एकदाच वापरायचा.

सातपूरचा_टर्नर
माप द्या, लेथवर काढून देतो. ह्यावेळी द्राक्षं नकोत, एक चक्कर द्या धरणात.