अँटिगनी नुसती कर्तव्यापोटी मरत नाही

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या प्राचीन ग्रीक नाटकात नायिका अँटिगनी राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाला माती देते आणि तिला मरणाची शिक्षा होते. ती फक्त भावाच्या अंत्यसंस्कारासाठी, कर्तव्यापोटी मरते, त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. सोफोक्लीस तिला आणि तिचं लग्न ठरलंय त्या हेमोनला रंगमंचावर एकदाही समोरासमोर आणत नाही हे खरंय, पण क्रेऑन आणि हेमोन या बापलेकांचं कडाक्याचं भांडण संपतं ना संपतं तोच कोरस, म्हणजे नाटकातला गायकवृंद, थेट प्रेमाच्या देवाचं, इरॉसचं गाणं म्हणतो, की तुझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही, आणि लगेच अँटिगनीला गुहेत जिवंत कोंडायला नेतात तेव्हा ती स्वतःच म्हणते की माझं लग्न आता अ‍ॅकेरॉनशी, म्हणजे मृत्यूलोकातल्या नदीशी. भावाला माती देताना जी जराही डगमगली नाही ती इथे लग्न राहिलं, मूल राहिलं म्हणून रडते!! मला तर इथेच गलबलून येतं, तिला जगायचं होतं हो. पुढे दूत सांगतो ते बघा, तिने गळफास घेतलेला, हेमोन बापावर तलवार घेऊन धावतो, वार हुकतो, मग तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसून अँटिगनीला मिठी मारतो, त्याचं रक्त तिच्या पांढऱ्या गालावर उडतं, आणि दूत यालाच त्यांचं लग्न म्हणतो. पाठोपाठ हेमोनची आई युरिडिसीही जीव देते, तिला मात्र नाटकात फार कमी जागा मिळालीय, हे मला खटकतं.