भाडेवाढ आणि मुक्कामाची जागा

कॅराव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) मुक्कामाला उभी करायच्या जागांची भाडी वाढताहेत. त्यावरच्या या चर्चेत ‘भाडी अशीच वाढली तर लोक कॅराव्हॅन विकून टाकतील’ असं दोघातिघांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. विकण्याआधी लोक जागा बदलून पाहतात. ब्रिटनमध्ये आम्ही मोठ्या कॅम्पसाइट सोडून शेतावरच्या छोट्या जागांकडे वळलो ते याच कारणानं. १९६०च्या कॅराव्हॅन कायद्यात सवलत आहे: मान्यताप्राप्त क्लबनं एखाद्या कुरणाला प्रमाणपत्र दिलं की साइटचा वेगळा परवाना न काढता क्लबच्या सदस्यांच्या ५ कॅराव्हॅन तिथे उतरू शकतात. दुकान नाही, पोहण्याचा तलाव नाही, बहुतेक ठिकाणी न्हाणीघरही नाही. मग भाडं कमी असतं यात नवल नाही.

पण विजेचा मुद्दा इथे कुणी काढलेला नाही. अशा अनेक जागांवर वीजजोडणी नसते. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे हाती साधारण ६०० वॅट-तास. दिवे आणि पाण्याचा पंप त्यावर आरामात चालतात, हीटरचा पंखा मात्र ती भराभर खातो. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच पहाटे आमचा पंखा थांबला आणि लेक थंडीनं कुडकुडत उठली, ते अजून विसरलेले नाही. त्यानंतर छतावर सोलर पॅनेल बसवलं, फ्रिज गॅसवर घेतला, आता तीन-चार रात्री सहज निघतात. सासूबाई सोबत असल्या की मात्र त्यांचं रात्रीचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं, विजेवरचं यंत्र) असतं. तेव्हा भाडं कितीही असो, वीज असलेलीच जागा घ्यावी लागते.