मदत हवी आहे: जिताड्याची कवटी. हाडांतलं तेल जात नाही, आणि जबडा हलता ठेवून जोडायचा आहे

नमस्कार मंडळी,

जिताडा या खाडीतल्या मोठ्या माशाच्या डोक्याची हाडं साफ करून ती पुन्हा होती तशी जोडायचं काम घरी घेतलं आहे. दोन ठिकाणी अडले आहे. हाडांतलं तेल काही केल्या पूर्ण निघत नाही, आणि जोडल्यावर तोंड उघडता-मिटता आलं पाहिजे तर सांधे कशाचे करावेत हे ठरत नाही. इथे कुणी माशाची कवटी जोडली असेल, किंवा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाडांचं काम केलं असेल, तर कृपया सांगा.

आतापर्यंत काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

मासा पेणकडच्या खाजणातल्या तळ्यात वाढलेला, सहा किलोच्या आसपासचा. रायगडातल्या घरात जिताड्याचं डोकं कालवणाआधी मागून घेणं म्हणजे काय, हे तिकडच्यांना सांगायला नको. विकत घेणार असाल तर कोळीणबाईंना आधीच सांगून ठेवा की डोक्यावर कोयता मारू नका आणि कल्ले उपटू नका. कालवणासाठी डोकं उभं चिरतात, तसं चिरलं की कवटी गेलीच.

डोकं उकळलं नाही. बोकडाच्या किंवा कुत्र्याच्या कवटीत हाडं एकमेकांत घट्ट बसलेली असतात. माशाचं तसं नसतं. जिताड्यासारख्या माशाच्या डोक्यात शंभराहून जास्त हाडं असतात आणि त्यातली बरीचशी नुसत्या पडद्यांनी आणि बंधांनी धरलेली असतात. उकळी आली की ती सुटून पातेल्याच्या तळाशी जातात, डावं-उजवं कळत नाही, आणि चरबी हाडात आणखी मुरते ते वेगळंच. म्हणून वरून गरम पाणी ओतत, जुन्या टूथब्रशने आणि चिमट्याने कातडी-मांस सोडवलं. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंचे फोटो काढले. कल्ल्याची झाकणं सोडवताना जाड हातमोजे घाला. झाकणाच्या पुढच्या हाडाला खालच्या कडेने करवतीसारखे दाते आणि कोपऱ्यात एक काटा असतो, ती कडा बोट सहज कापते.

मग डावी बाजू, उजवी बाजू, कवटी आणि घशाची हाडं अशा जुन्या मलमलीच्या वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधून परसात झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात ठेवल्या. मे महिन्याच्या उकाड्यात जीवाणू हे काम फार झटपट करतात. वास येतो, त्याला इलाज नाही. पाणी बदलताना दरवेळी थोडं जुनं पाणी राखलं आणि ओतलेलं चहाच्या गाळणीतून गाळलं. कानातले दोन मोठे खडे भिजवण्याआधीच कवटीच्या तळातून काढून कोरडे ठेवले आहेत. ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, व्हिनेगरसारखं काही आंबट लागलं तर विरघळतील. त्यांच्यावर वाढीची वलयं असतात, माशाचं वय त्यावरून काढतात, त्यामुळे मला ते कवटीइतकेच मोलाचे वाटतात.

नंतर भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात हाडं बुडवून ठेवली, पाणी गढूळ झालं की बदललं. मग औषधाच्या दुकानात मिळणारं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून वापरलं आणि हाडं सावलीत वाळवली. पांढरी, सुरेख दिसत होती. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र कवटीच्या मागच्या भागावर, खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला आणि जबडा कवटीला टांगून धरणाऱ्या त्या लांब हाडावर पिवळे, तेलकट, आरपार दिसणारे डाग उमटले आहेत. हात लावला तर बोट ओशट होतं आणि खवट वास येतो. पुन्हा साबणाच्या पाण्यात घालावीत की ॲसिटोन वापरावं? ॲसिटोनने पातळ हाडं, विशेषतः डोळ्याभोवतीची, चिरतील का?

आता दुसरी अडचण, आणि खरं तर सगळा खटाटोप हिच्यासाठीच आहे. जिताडा भक्ष्याला चावत नाही, ओढून घेतो. तोंड उघडताना खालचा जबडा पडतो, वरच्या ओठामागचं लांबट हाड, म्हणजे मॅक्सिला, पुढे झुलतं आणि दातांची कड असलेला प्रीमॅक्सिला नाकाडावरून घसरत पुढे येतो. त्याच वेळी गाल आणि कल्ल्यांची झाकणं फाकतात, तोंडाची पोकळी एकदम मोठी होते आणि पाण्यासकट कोळंबी आत जाते. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं. बाजारात बर्फावर पडलेल्या माशाचा खालचा ओठ धरून हळूच ओढून पाहा, पुढे येणारा ओठ हाताला कळतो. घरात मिटल्या तोंडाची शोभेची कवटी ठेवण्यात मला रस नाही. शेजारची मुलं येतात, त्यांना बोटाने जबडा खाली करून हे सगळं दाखवता आलं पाहिजे.

मला सुचलेलं असं: कवटी सागवानी फळीवर स्टीलच्या सळीवर बसवायची, न हलणारी हाडं फेव्हिकॉलने जोडायची, जबड्याचे सांधे बारीक पितळी तारेचे करायचे. पण प्रीमॅक्सिला नुसता घसरतो, त्याला बिजागरीसारखा सांधाच नाही, तो कशाने धरावा? आणि कल्ल्याचं झाकण हलतं ठेवायचं तर कुठे बांधावं?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

ताई, काम छान चाललंय. तेलाचं सांगतो.

पेरॉक्साइड रंग घालवतं, तेल काढत नाही. पांढरेपणाखाली तेल आत राहतं आणि दमट हवेत वर येतं. मोठ्या माशांच्या बाबतीत हे हमखास होतं. पुन्हा साबणाच्या कोमट पाण्यात घालता येईल, पण पाणी हाताला सोसेल इतकंच गरम ठेवा आणि वेळ द्या, आठवडे लागू शकतात. जाड हाडांसाठी ॲसिटोन जास्त उपयोगी. आधी हाडं पूर्ण वाळली पाहिजेत. पत्र्याच्या झाकणाची काचेची बरणी घ्या, काही प्लॅस्टिक त्यात विरघळतं. ॲसिटोन पिवळं झालं की बदला. पिवळं व्हायचं थांबलं म्हणजे तेल संपलं. हे गच्चीवर किंवा ओट्यावर करा. गॅस, समई, उदबत्ती जवळपास नको, वाफेनेही पेट घेतो. डोळ्याभोवतीची पातळ हाडं त्यात घालू नका, त्यांच्यात तेल फार नसतंच, त्यांना साबणाचं पाणी पुरे.

घरगुती ब्लीच कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्याने हाडातलं प्रथिनच खाल्लं जातं आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं.

आणि पितळी तार नको. हाडात उरलेल्या तेलामुळे पितळ-तांब्याला हिरवा थर चढतो आणि तो डाग हाडात उतरतो. स्टेनलेस स्टीलची घ्या.

प्रतिसाद २

जबड्याबद्दल मी लिहिते, मी महाविद्यालयात मासे शिकवते.

ताई, कल्ल्याचं झाकण वेगळं हलवायचा विचार सोडा, ते जबड्याशीच जोडलेलं असतं. झाकण चार हाडांचं असतं. त्यातलं खालचं, पुढचं हाड म्हणजे इंटरऑपरकल. त्याच्या पुढच्या टोकापासून खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एक चिवट बंध जातो. मासा झाकणाचा मागचा भाग वर उचलतो, त्याने इंटरऑपरकल मागे ओढलं जातं, बंध ताणला जातो आणि जबडा खाली पडतो. म्हणजे तुम्ही त्या बंधाच्या जागी मासेमारीचा नायलॉन दोरा लावलात, तर मुलांना जबड्याला हात लावायचीही गरज नाही. झाकण उचलायचं, तोंड आपोआप उघडेल.

त्यासाठी झाकणाच्या मुख्य हाडाला हायोमँडिब्युलावर, म्हणजे जबडा कवटीला टांगून धरणाऱ्या त्या लांब हाडावर, एकच सांधा द्या. तो झाकणाच्या हाडाच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यातल्या खोबणीत येतो. जबड्याचा सांधा क्वाड्रेटच्या, म्हणजे खालचा जबडा ज्याच्यावर फिरतो त्या हाडाच्या, टोकाशी येतो. दोन्हीकडे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने भोक पाडून तार आरपार घाला आणि टोकं नुसती वळवा, चिकटवू नका.

प्रीमॅक्सिलाला नाकाडावरून मागे जाणारा एक दांडा असतो, तोच घसरतो. त्याच्यावरून आडवा दोऱ्याचा सैल फास घेऊन कवटीला बांधा, म्हणजे तो पुढेमागे होईल पण सुटणार नाही. मॅक्सिलाचं खालचं टोक जबड्याला दोऱ्याने बांधलं की जबड्याबरोबर तो झुलेल. सगळं मिटवून ठेवायला आतून एक बारीक रबर लावा, दर पावसाळ्यानंतर ते बदलावं लागेल.

न हलणाऱ्या हाडांना फेव्हिकॉल चालेल, चुकलं तर पाण्याने सुटतो. कोकणातल्या दमट हवेत तो मऊ पडतो, म्हणून कवटी काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. झटपट चिकटणारा गोंद सांध्याजवळ अजिबात नको, तो खोबणीत ओघळला की सांधा कायमचा बसतो.

तेल पूर्ण निघाल्याशिवाय मात्र जोडायला घेऊ नका, तेलकट हाडावर कुठलाच गोंद टिकत नाही. तोपर्यंत डाव्या बाजूची हाडं थर्माकोलवर टाचण्यांनी जागच्या जागी मांडून दोऱ्याची लांबी ठरवून घ्या. तोंड मिटलेलं असताना दोरा जेमतेम ताठ हवा. सैल राहिला तर झाकण उचललं तरी जबडा जागचा हलणार नाही.