मदत हवी आहे : कामगारांना मत दिल्याने कंपनी मागे पडते का?

नमस्कार मंडळी. मी आधी चाकणला होतो, आता त्याच कंपनीच्या श्टुटगार्टच्या कार्यालयात आहे. गेल्या आठवड्यात घरी एक पाकीट आलं. आत मतपत्रिका! कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी निवडायचे आहेत. दोनदा वाचली, तरी विश्वास बसेना.

इथे कारभार पाहणारं मंडळ वेगळं आणि त्याची नेमणूक करणारं देखरेख मंडळ वेगळं. १९७६ च्या कायद्यानुसार जर्मनीत २००० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. मतं समसमान पडली तर अध्यक्षांना जादा मत असतं आणि ते सहसा भागधारकांच्या बाजूचे असतात. म्हणजे शेवटचा शब्द मालकांचाच.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांत किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात, पण कामगारांसाठी राखीव जागा नाही.

मला खरंच समजून घ्यायचंय : अशा मंडळामुळे निर्णय रखडतात आणि कंपनी स्पर्धेत मागे पडते, की कामगार विश्वासात असल्याने कारखाना टिकतो? दोन्हीकडे काम केलेल्यांनी प्रत्यक्ष अनुभव सांगावा. एखादा प्रकल्प बंद करताना किंवा नवं यंत्र आणताना नेमकं काय झालं, हे कळलं तर फार उपयोग होईल.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. या निवडणुकीत चाकणच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मत नाही. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानेही जर्मनीबाहेरच्या कामगारांना वगळणं वैध ठरवलं. यावर कुठे काही हालचाल चालू आहे का?