आधी आवाज, मग खाऊ

व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, असा इथे प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी लिहिलंय की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याच्या भीतीला खतपाणी मिळतं. मला नाही पटत. भीती ही भावना आहे, खोडी नव्हे. धीर दिल्याने ती वाढत नाही. तो स्वतःहून बिलगत असेल तर खुशाल बिलगू द्या. पलंगाखालून ओढून मात्र काढू नका.

आवाजाची भीती घालवायला खाऊ देताना क्रम सांभाळा. आधी व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज (लांबच्या खोलीतून, दार लावून), मग लगेच खाऊ. उलटं केलंत तर काही दिवसांनी खाऊचा डबा उघडला तरी तो कान पाडून मागे सरकेल, कारण त्याच्या लेखी डबा म्हणजे आता तो आवाज येणार.

एरवी खादाड असलेला कुत्रा तोंडाशी धरलेला तुकडा घेत नसेल, सारखे ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, तर आवाजापासूनचं अंतर वाढवा. हट्टाला पेटू नका.

शॉक कॉलरबद्दल (विजेचा झटका देणारा गळ्यातला पट्टा) विचारलंय, तर साफ नको. गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते, आणि पुढे तो इशारा न देताच चावू शकतो.

आणि हो, चांगला धीट कुत्रा अचानक बुजायला लागला असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. कित्येकदा मूळ दुखण्यात असतं.