वाल नदी डचांच्या मुठीत आहे म्हणे!

धागाकर्ती: ‘निसर्गाला वेसण घालणारे डच’ ही पोस्ट वाचली. म्हणे १७०७ साली पानर्डनचा कालवा झाला आणि ऱ्हाइनच्या फाट्यांमधल्या पाणीवाटपाचा प्रश्न कायमचा मिटला. राहवेना म्हणून हा धागा. नेदरलंड्समध्ये ऱ्हाइन फुटते: एक फाटा वाल, आणि दुसऱ्याचे पुढे नेडरराइन आणि आयसल होतात; कालवा या दुसऱ्याला पाणी देतो. त्याआधी वाल जवळजवळ सगळं पाणी ओढायची आणि दुसरा फाटा गाळाने भरत चालला होता. १६७२ मध्ये फ्रेंच फौज लोबिटजवळ त्याच उथळ पात्रातून पार झाली. म्हणून १७०१ मध्ये खणायला घेतला तो मुळात लष्करी खंदक! पुढे १७७० च्या दशकात पुन्हा वळणं कापावी लागली, आयसलचं तोंड नव्याने बांधावं लागलं. याला मिटणं म्हणतात?

मूळ पोस्टवाला: दोन तृतीयांश पाणी वालला, बाकीचं इतरांना, ही वाटणी आजही आहे. तीन शतकं चाललेल्या व्यवस्थेत खोटच काढायची तर काढा. १९७० पासून ड्रीलचा बंधाराही आहे.

धागाकर्ती: ड्रील नेडरराइनवर आहे हो! बंधाऱ्याची दारं लावली की पाणी आयसलकडे वळतं. वालवर एकही दार नाही. तिचा तळ खचतोय, त्यामुळे उन्हाळ्यात ती वाट्यापेक्षा जास्त पाणी घेते. नकाशा उघडा आधी.

सांगलीकर: तळ राहू द्या. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून जो तो ‘डचांकडून शिका’ सांगतो. निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडणाऱ्यांना कोण शिकवणार?

नाइमेखनवासी: तेच तर! इथे नेदरलंड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख लोक हलवले. मग वालच्या काठी, नाइमेखन शहरासमोरच्या लेंटला बांध ३५० मीटर मागे नेला, पन्नासेक घरं पाडली, नदीला जागा दिली. आता तिथे मुलं पोहतात.

लेंटची सून: पोहतात ना. माझ्या सासूबाईंच्या मैत्रिणीचं घर गेलं त्यात. भरपाई मिळाली, पण त्या वाटेने त्या आजही जात नाहीत. पर्यटकासारखं लिहू नका.

नाइमेखनवासी: मग काय, शहर बुडू द्यायचं होतं?

लेंटची सून: असं मी कुठे म्हटलं? नीट वाचायची सवय लावा.

सांगलीकर: भरपाई मिळाली हे वाचूनच मी गार झालो.

मूळ पोस्टवाला: बरं बाई, प्रश्न मिटला नाही, मिटल्यासारखा दिसतोय. झालं समाधान? पण कालवा नसता तर आयसलमध्ये बदकांनी चालत फिरायचं का?

बार्जवाला: मी मालवाहतुकीत आहे. नाइमेखनच्या वळणावर तळ धुपू नये म्हणून दगडांचा थर टाकलाय. खालचा तळ खचत गेला, थर जागच्या जागी. आता पाणी उतरलं की तोच आडवा येतो. २०१८ ला बार्ज अर्ध्याच भरत होतो, आणि भाडं काय सुटलं होतं! तुमचं वेसणपुराण चालू द्या.