पंचगंगेचे पाणी वाढू लागल्यावर घर नेमके केव्हा सोडावे?

प्रश्न (मुक्काम पुणे, घर शिरोळ तालुक्यात)
नमस्कार. पंचगंगेच्या काठी आमचे घर असून तेथे सासू-सासरे आणि दोन म्हशी असतात. आम्ही दोघे नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत घरात पाणी शिरले, आणि दोन्ही वेळा "२००५ ला पाणी पायरीच्या वर आले नव्हते" असे म्हणत सासऱ्यांनी निघायला उशीर केला. यंदा जूनच्या आधी काय ठरवून ठेवावे, हे तिकडच्या जाणत्या मंडळींनी सांगावे. हवामान खात्याच्या पिवळ्या-नारिंगी इशाऱ्यांवरून मला तरी काही उलगडा होत नाही.

उत्तर (कोल्हापूर)
ताई, रंगापेक्षा फुटांचा आकडा धरा. कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. मात्र हे आकडे कोल्हापूरसाठी आहेत, तुमच्या उंबऱ्यासाठी नव्हेत. बंधाऱ्यावर किती फूट असताना गावाचा रस्ता बुडाला आणि किती असताना अंगणात पाणी आले, हे पोलीस पाटलांना व शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. रस्ता बहुधा घराच्या आधी जातो, म्हणून निघायचे ते रस्त्याच्या आकड्याआधी. ज्याचे पाणी पंचगंगेत येते त्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात. ती बातमी रात्री आली तरी सकाळची वाट पाहू नये.

उत्तर (कुरुंदवाड)
शिरोळ तालुक्यात एवढ्याने भागत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच भरून वाहत असेल तर पंचगंगेला पुढे वाट न मिळाल्याने फूग मागे चढते. कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी आपल्याकडे ते वाढत असू शकते. त्यामुळे सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाची पातळी (इशारा ४०, धोका ४५ फूट) आणि कृष्णेत येणारा कोयना धरणाचा विसर्गही रोज पाहावा.

राहिला म्हशींचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. २००५ हे निमित्त असते. दावणीला जनावर ठेवून म्हातारी माणसे घराबाहेर पडत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असेही मी म्हणणार नाही. उंचावरच्या गावात पाहुण्यांकडे जागा ठरवून थोडी वैरण आधीच पोहोचवावी आणि ट्रॉलीवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवावे, कारण पाणी दिसू लागले की सगळ्या गल्लीला तीच एक ट्रॉली हवी असते. म्हशी आधी हलल्या की माणसे आपसूक मागून निघतात.

उत्तर (सांगली)
बोट येईल या भरवशावर तर मुळीच राहू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीत बसण्याची वेळच आली, तर गर्दी असलेली बोट सोडून द्यावी आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सासूबाईंच्याही फोनमध्ये असू द्या.

पिशवीत रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, चष्मा, आधार, बँकेचे पासबुक आणि विजेरी एवढे पुरे. भांड्यांचा मोह नको. परतल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये, पाणी उकळूनच प्यावे, आणि भिंतीवरची पाण्याची खूण धुण्याआधी तिचे फोटो काढावेत, कारण पंचनाम्याला ते उपयोगी पडतात. चिखल काढताना गमबूट हवेतच. त्यानंतर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून-चिखलातून होणारा आजार) शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगावी.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. रस्त्याचा आकडा शोधण्याचे काम सासऱ्यांकडेच सोपवते. स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिलेला आकडा ते सहसा मोडणार नाहीत. वैरणीची सोय दत्तवाडच्या पाहुण्यांकडे होते का, हे रविवारी गावी गेल्यावर विचारते.